डॉ. अनिता अवचट : व्यसनमुक्तीला सोबतीचा आधार देणारे आयुष्य

महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीच्या कार्याचा इतिहास डॉ. अनिता अवचट यांच्या नावावाचून पूर्ण होत नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या त्या संस्थापक. १९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मात्र व्यसनी माणसाकडे रुग्ण आणि मित्र या नात्याने पाहण्याची त्यांनी घालून दिलेली रीत आजही टिकून आहे.

सुनंदा हे त्यांचे दुसरे नाव, पती डॉ. अनिल अवचट यांच्या लेखनातून ते वाचकांच्या परिचयाचे झाले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचे शिक्षण झाले. पुढे अनिल अवचट यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून लेखन व सामाजिक कार्य पत्करले. घर चालवण्याची जबाबदारी अनिताताईंनी आपल्या नोकरीच्या बळावर उचलली. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात शासकीय सेवेत होत्या.

१९८० च्या दशकाच्या मध्यास पुण्या-मुंबईतील तरुणांमध्ये ब्राउन शुगर अर्थात गर्दचे व्यसन झपाट्याने पसरले. अनिल अवचट यांनी या विषयावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले. व्यसनमुक्ती केंद्र उभारण्यासाठी त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. केंद्र चालवण्याचा भार अनिताताईंनी स्वीकारला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले.

गर्दच्या रुग्णांसाठी उघडलेल्या या केंद्रात पुढे दारूच्या आहारी गेलेल्यांची संख्या वाढत गेली. शरीरातील विष उतरवण्याचे काम औषधे काही दिवसांत करीत. खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागे. तेच मित्र, तोच गुत्त्यावरचा रस्ता, पगाराचा तोच दिवस आणि विश्वास गमावलेले घर त्याची वाट पाहत असे. बरा होऊन गेलेला माणूस काही आठवड्यांत पुन्हा पिऊन येई आणि कुटुंबाची उरलीसुरली आशाही मावळे.

या अडचणीवर जगात एक उपाय आधीच रुजला होता. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हा दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन मद्यपी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना जन्मास आली. तिच्या सभेला शुल्क नसते, पूर्ण नाव सांगण्याची सक्ती नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. प्रत्येकाने स्वतःचा अनुभव सांगावा, इतरांनी मध्ये न बोलता ऐकावा आणि आजच्या दिवसापुरते न पिण्याचा निश्चय करावा, अशी तिची साधी रीत आहे.

मुक्तांगणने या विचाराला मराठी घराचे रूप दिले. येथे दाखल झालेल्यांना रुग्णमित्र म्हटले जाते. व्यसनातून बाहेर आलेले अनेकजण तेथेच समुपदेशक म्हणून उभे राहिले. खोटे कसे बोलले जाते, हे स्वतः ते बोललेल्यास अधिक कळते. घरी गेलेल्यांनी पाठपुराव्याच्या सभांना यावे, असा आग्रह असतो. व्यसनमुक्तीची वर्षे वाढदिवसासारखी साजरी होतात. नवऱ्याच्या दारूचा दोष अनेकदा पत्नीच्याच माथी मारला जातो. अशा स्त्रियांना मन मोकळे करता यावे म्हणून तेथे सहचरी गट आहे.

हे सारे उभे राहत असतानाच अनिताताईंना कर्करोगाने गाठले. उपचारांचा त्रास सोसत त्यांनी काम चालू ठेवले. स्वतः मृत्यूच्या छायेत असलेली डॉक्टर इतरांना आजचा दिवस सावरण्यास सांगत होती. त्यांच्या पश्चात अनिल अवचट आणि कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कार्य पुढे नेले. अनिताताईंच्या स्मरणार्थ संघर्ष सन्मान पुरस्कारही दिला जाऊ लागला. अनिल अवचट यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

आज मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त देशभर विखुरली आहेत. बंगळुरूच्या बनशंकरीसारख्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या घरात हा प्रश्न उभा राहिला, तर परक्या शहरात तो अधिक एकाकी वाटतो. मात्र तेथेही वाट आहे. निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत व्यसनोपचाराची सोय आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा शहरात भरतात आणि केंद्र सरकारची १४४४६ ही मदतवाहिनी जवळच्या केंद्राची माहिती देते. पहिल्या सभेला जाण्याचा संकोच मोठा असतो. तो ओलांडताना सोबत कोणी असावे, यासाठीच अनिताताईंनी आपले आयुष्य वेचले.