हवेची उसळी मोजणारे रॉबर्ट बॉइल

सायकलीच्या पंपाच्या तोंडावर बोट घट्ट धरून दांडा खालीं रेटला, तर आंतील हवा हातास मागें लोटते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. हवा दिसत नाहीं. पण दाबली असतां आकसते आणि सोडली असतां पुन्हां पसरते. किती दाबल्यानें ती किती आकसते, हें मोजून ज्यांनीं ग्रंथरूपानें जगापुढें मांडिलें, त्या रॉबर्ट बॉइल यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहों.

त्यांचा जन्म ता. २५ जानेवारी १६२७ रोजीं आयर्लंडांतील लिस्मोर येथील किल्ल्यांत झाला. वडील कॉर्कचे अर्ल, मोठे धनवान गृहस्थ. रॉबर्ट हें त्यांचें चौदावें अपत्य. तीन वर्षांचे असतां आई वारली. बोलतांना ते अडखळत, आणि तें अडखळणें कधींच पुरतें गेलें नाहीं.

किशोरवयांत ते शिक्षकाबरोबर युरोपांत राहत असतां जिनीव्हा शहरीं एके रात्रीं विजांचें भयंकर वादळ झालें. न्यायाचा दिवस येऊन ठेपला असें वाटून मुलाचा थरकांप उडाला, आणि वांचलों तर देवाच्या भयांत चालेन असा त्यानें निश्चय केला. पण केवळ भीतीपोटीं वचन दिलें याची त्यास लाज वाटली, म्हणून पुढें आकाश निरभ्र असतां तोच निश्चय त्यानें मुद्दाम पुन्हां केला. तरी संशयांनीं त्यांस पुढेंहि वारंवार छळिलें. त्यांनीं ते दडपून टाकिले नाहींत. शास्त्र मूळ भाषांतून स्वतः वाचावें म्हणून ते हिब्रू व ग्रीक शिकले. हवेच्या बाबतींतहि त्यांचा स्वभाव हाच दिसतो.

ऑक्सफर्ड येथें राहत असतां १६५९ सालीं त्यांचे मदतनीस रॉबर्ट हुक यांनीं त्यांस एक वाताकर्षक यंत्र करून दिलें. कांचेच्या मोठ्या भांड्यांतील हवा त्यानें बाहेर ओढून घेतां येई. आंत घड्याळ टांगलें, तर हवा निघूं लागतांच त्याची टिकटिक मंदावत जाई. जळती मेणबत्ती विझे. कोंकराच्या मूत्राशयाची पिशवी अर्धवट हवा भरून, तोंड बांधून आंत ठेविली, तों भोंवतालची हवा निघतांच ती आपोआप फुगूं लागली! बाहेरचा दाब गेला, म्हणून आंतल्या थोड्याशा हवेस पसरावयास मोकळीक मिळाली, इतकेंच.

हे प्रयोग त्यांनीं १६६० सालीं प्रसिद्ध केले. त्यांवर फ्रान्सिस लायनस नांवाच्या एका जेझुइट पंडितानें आक्षेप घेतला, कीं नळींतील पारा हवेच्या दाबानें उभा राहत नसून एका अदृश्य दोऱ्यानें वर ओढून धरिलेला असतो. बॉइल यांनीं शिवीगाळ केली नाहीं. त्यांनीं कांचेची एक लांब नळी मागविली. तिचें खालचें टोंक वर वळवून बंद केलेलें होतें. नळी इतकी उंच, कीं खोलींत मावेना. म्हणून ती जिन्यांत उभी केली. एक मनुष्य वरून पारा ओती, दुसरा खालीं बसून मोजी. आधींची एक नळी फुटून गेली होती; म्हणून ह्या वेळीं खालचा भाग लांकडी पेटींत ठेविला, कीं फुटलीच तर पारा वांया जाऊं नये.

आंत कोंडलेली हवा प्रथम १२ इंच जागा व्यापून होती, व तिजवर बाहेरच्या हवेचा म्हणजे सुमारें २९ इंच पाऱ्याइतका दाब होता. दाब सुमारें ५९ इंच होतांच ती ६ इंचांत आली. सुमारें ११७ इंच होतांच ३ इंचांत. दाब दुप्पट, तर जागा निम्मी. दाब चौपट, तर जागा पाव. मात्र हवेची ऊब तीच राहिली पाहिजे. बॉइल यांनीं मोजलेला आंकडा व नियमाप्रमाणें यावयाचा आंकडा शेजारीं शेजारीं छापिला. शेवटच्या मापांत सुमारें एका इंचाचा फरक पडला होता, तोहि त्यांनीं झांकला नाहीं. शिवाय ह्या प्रमाणाची कल्पना रिचर्ड टाउन्ली यांची, हें त्यांनीं १६६२ च्या त्या ग्रंथांतच सांगून टाकिलें. तरी जगानें नियमास नांव बॉइल यांचेंच दिलें.

त्यांचा पैसा मात्र दुसरीकडेहि वाहत होता. अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्यें सुवार्तेचें काम चालविणाऱ्या मंडळाचे ते १६६२ पासून पुष्कळ वर्षें प्रमुख होते. मलायी भाषेंतील चार शुभवर्तमानें व प्रेषितांचीं कृत्यें १६७७ सालीं त्यांच्या खर्चानें ऑक्सफर्ड येथें छापिलीं गेलीं. आयरिश भाषेंतील नवा करार १६८१ सालीं व जुना करार १६८५ सालीं निघाला, त्यांतहि त्यांचें द्रव्य होतें.

पाळकाची दीक्षा घ्यावी असा त्यांस आग्रह झाला. चर्चचें वेतन न घेणाऱ्याच्या साक्षीस अधिक वजन येतें, असें म्हणून त्यांनीं ती नाकारिली. (आमच्या पगारी उपदेशकांनीं रागावूं नये, बॉइल यांस वडिलोपार्जित जमिनी होत्या!) १६८० सालीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद चालून आलें. त्यासाठीं शपथ घ्यावी लागे, आणि शपथेविषयीं त्यांचें मन फार कोंवळें होतें. तेंहि त्यांनीं सोडिलें.

ते अविवाहित होते व लंडनांत आपली बहीण कॅथरिन हिच्या घरीं राहत. ती १६९१ च्या डिसेंबरांत वारली, आणि सुमारें आठवड्यानें, ता. ३१ रोजीं, तेहि गेले. त्यांस तिच्याजवळच सेंट मार्टिन मंदिरांत पुरिलें. पुढें १७२१ सालीं तें मंदिर पाडून नवें बांधण्याचें काम निघालें, आणि त्यांची कबर आतां कोणास दाखवितां येत नाहीं.