अनेक खेळांचा गडी : जिम थॉर्प

एकच खेळ धरा आणि त्यातच मेहनत करा, हा सल्ला तुमच्यापैकी अनेकांना मिळाला असेल. अमेरिकेत महाविद्यालयाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळावी म्हणून कित्येक पालक दहा-बारा वर्षांच्या मुलांचे बाकीचे खेळ बंद करतात. शेवटी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला २०१६ साली सांगावे लागले, की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळाला जुंपू नका. त्याच देशात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका विद्यार्थ्याची ही ओळख.

जिम थॉर्पचा जन्म १८८७ च्या सुमारास, आज ओक्लाहोमा राज्यात असलेल्या भागात, सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीत झाला. त्याचा जुळा भाऊ चार्ली लहानपणीच न्यूमोनियाने गेला. त्यानंतर जिमचे शाळेत मन रमेना. तो वरचेवर पळून जाई. १९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत आला. तेथे मुलांचे केस कापले जात आणि मातृभाषा बोलण्यास बंदी असे. या शाळेचे गुणगान करावे असे फारसे काही नाही. मैदान मात्र होते.

१९०७ मध्ये मैदानावरून जाताना काही मुले उंच उडीचा सराव करताना त्याला दिसली. कामाच्या कपड्यांतच त्याने ५ फूट ९ इंचांवरची काठी ओलांडली, असे सांगतात. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी त्याला लगेच ॲथलेटिक्सच्या संघात घेतले. पण जिमला फुटबॉलही खेळायचा होता. तोही अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडू घेऊन पळणाऱ्याला धडक देऊन पाडण्याचा खेळ! आपला सर्वोत्तम धावपटू जायबंदी होईल, म्हणून वॉर्नर तयार होईनात. अखेर त्यांनी त्याच्या हाती चेंडू दिला आणि बचाव फळीला त्याला अडवायला सांगितले. जिमला कोणी पाडू शकले नाही. मग वॉर्नर यांचाही विरोध मावळला.

पुढे तो बेसबॉल, लॅक्रॉस, बास्केटबॉलही खेळला; १९१२ मध्ये नृत्यस्पर्धाही जिंकला! १९११ साली कार्लाइलने बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असे हरवले, तेव्हा चेंडू चार वेळा लाथेने गोलखांबांमधून धाडणारा जिमच होता.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने दोन स्पर्धा जिंकल्या. पेंटॅथलॉनच्या पाचांपैकी चार प्रकारांत तो पहिला, भालाफेकीत तिसरा आला. डेकॅथलॉनमध्ये धावणे, उड्या, अडथळे, फेक असे दहा प्रकार असतात. जो कशातच मागे पडत नाही, त्याचीच ही स्पर्धा. जिम दहाही प्रकारांत पहिल्या चारांत होता आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा जवळपास ७०० गुणांनी पुढे!

पण त्याच्या अनेक खेळांपैकी एक त्याला महागात पडला. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात त्याने नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. महाविद्यालयांतील इतर मुलेही तसे करीत, पण खोटी नावे लावून. जिमने स्वतःचेच नाव लावले. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. १९१३ च्या जानेवारीत वर्तमानपत्राने ही गोष्ट छापली आणि त्याची दोन्ही पदके गेली. वास्तविक हरकत घेण्याची मुदत स्पर्धा संपल्यानंतर फक्त ३० दिवसांची होती. माझ्या मते तो सरळ अन्याय होता.

नंतर तो व्यावसायिक बेसबॉल खेळला, तेथे मात्र सर्वसाधारणच ठरला. फुटबॉलमध्ये पुन्हा चमकला आणि १९२० साली स्थापन झालेल्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. निवृत्तीनंतरचे दिवस कष्टाचे गेले. मंदीच्या काळात त्याने खड्डे खणण्याचेही काम केले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.

१९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला पुन्हा विजेता मानले, पण संयुक्त. पदकांच्या प्रतिकृती १९८३ मध्ये त्याच्या मुलांना मिळाल्या. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले गेले ते जुलै २०२२ मध्ये. जिमला जाऊन तेव्हा ६९ वर्षे झाली होती.