उघड्या दारातील प्रार्थना

सन १८७८. कलकत्त्यातील काही ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्यास वीस वर्षांची एक ब्राह्मण तरुणी आपल्या थोरल्या भावासह निमंत्रणावरून गेली होती. चहापान झाले. मग कोणी एका ग्रंथातून काही वाचले आणि जमलेले सारे आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले, डोळे मिटून काही बोलू लागले. समोर मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. ही माणसे खुर्च्यांची पूजा करीत आहेत, असेच त्या तरुणीला वाटले! निरोप घेताना तिला बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली; पण ती भाषा व तो विचार तिला अगदीच परका वाटला. पुढे याच तरुणीचे नाव महाराष्ट्रात ख्रिस्ती प्रार्थनेशी कायमचे जोडले गेले. ती तरुणी म्हणजे पंडिता रमाबाई.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या लेकीला दिली. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब देशभर फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळाने आई, वडील व बहीण यांना ओढून नेले. उरलेली भावंडे पायी भटकत कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीचे बंधन मोडून विवाह केला. अवघ्या दोन वर्षांत पटकीने पतीचाही घास घेतला आणि तान्ही मनोरमा पदराशी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशाची संस्कृत का नको, असा वाद त्या तेथील गुरुभगिनींशी घालीत राहिल्या.

अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून त्यांनी बालविधवांची व्यथा जगापुढे मांडली. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. त्यातील एक अट महत्त्वाची होती : शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. विधवा मुलींना आपल्या घरचे सोवळे-ओवळे, पूजा-अर्चा पाळण्याची तेथे मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार होते. सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

त्याच वर्षी वादळ उठले आणि त्याचे निमित्त होते प्रार्थना. रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलीसमवेत प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. ही बातमी बाहेर पडताच शहर खवळले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

येथे दोन्ही बाजू समजून घेणे उचित ठरेल. जिच्यावर मुली आईसारखे प्रेम करतात, तिची रोजची प्रार्थना हीच एक मूक शिकवण असते, ही पालकांची शंका निराधार नव्हती. विश्वासाने मुली धाडणाऱ्या सुधारकांना समाजापुढे उत्तर द्यावयाचे होते. उलट, दार लावून घेणे म्हणजे आपली श्रद्धा लपविणे आणि येणाऱ्या मुलीला हाकलणे म्हणजे तिचे स्वातंत्र्य नाकारणे, अशी रमाबाईंची धारणा होती. एवढी मोठी किंमत देऊनही त्यांनी ते दार लावले नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या. स्वतः उपासमार भोगलेल्या या बाईला त्यांची भूक कोणी सांगावी लागली नाही. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ उभे राहिले. ते उघडपणे ख्रिस्ती होते. शेती, विणकाम, छपाई असे उद्योग तेथे शिकविले जात. १९०५ च्या प्रारंभी रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठी स्वयंसेविका मागितल्या. सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. जूनअखेरीस प्रार्थनेच्या त्या बैठकींत मुली मोठ्याने रडू लागल्या, एकाच वेळी शेकडो कंठ प्रार्थना करू लागले. शिस्तप्रिय पाश्चात्त्य मिशनऱ्यांपैकी काहींना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मात्र हिंदी स्त्रियांनी आपल्या रीतीने देवाला हाक मारावी, असाच पक्ष घेतला.

याच विचाराचे अखेरचे रूप म्हणजे त्यांचे बायबलचे मराठी भाषांतर. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तो आघात सोसून काम तडीस नेल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

खुर्च्यांपुढे गुडघे टेकणाऱ्यांकडे नवलाने पाहणाऱ्या त्या तरुणीपासून साडेपाचशे जणींच्या प्रार्थनेपर्यंतचा हा प्रवास पंचवीस-तीस वर्षांचा. त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद तेव्हाही होते, पुढेही राहिले. पण आपली श्रद्धा उघड्या दारात ठेवण्याचे आणि त्याची किंमत मोजण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही.