टिटवाळा ते तलवाडा, व्हाया झरी

टेंभी नाका म्हटलं की नवरात्रातली देवी आणि नऊ दिवसांची ती न हलणारी गर्दी आठवते. तिथून कोर्ट नाक्याकडे चालत निघालं की पाचएक मिनिटांत कोर्ट आणि कलेक्टर ऑफिस येतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत डहाणू-तलासरीच्या माणसाला जिल्ह्याचं काम निघालं की इथेच यावं लागायचं, शंभरेक किलोमीटर तुडवत. म्हणजे आज जिच्याबद्दल सांगतोय ती गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. शहरातल्या आपल्याला तिचा पत्ता नसतो, एवढंच.

दुसरं महायुद्ध चालू असताना सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत होते. १९४२ मध्ये ते तिथेच गेले. चार वर्षांनी व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला, आणि ते घराघरात पोचले. त्याच युद्धाच्या शेवटच्या वर्षी ठाणे जिल्ह्याच्या जंगलात एक पुणेरी बाई वारल्यांच्या झोपड्यांत मुक्काम करत होत्या. गोदावरी परुळेकर. तलासरी भागात आजही ‘गोदूताई’ म्हटलं की पुढचं आडनाव सांगावं लागत नाही. ठाण्यातल्या कॉलेज कट्ट्यावर मात्र बहुधा सांगावं लागेल.

जन्म १४ ऑगस्ट १९०७, पुणे. माहेरचं आडनाव गोखले. वडील नावाजलेले वकील, घर सुखवस्तू. गोदावरी फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मग कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात ती घेणाऱ्या अगदी पहिल्या काही मुलींमधल्या त्या एक. करिअर समोर तयार होतं. १९३२ मध्ये सत्याग्रहात शिक्षा झाली. घरच्यांना हे रुचणारं नव्हतं. गोदावरींनी पुणं सोडलं आणि मुंबई गाठली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत साक्षरतेचे वर्ग घेतले, घरकामगारांना एकत्र आणलं. तिथेच भेटले शामराव परुळेकर. तेही समाजाचे सदस्य, शिवाय डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचारासाठी १९४० मध्ये अटक झाली, १९४२ मध्ये सुटका. ‘चले जाव’च्या वेळी कम्युनिस्ट बाजूला राहिले, यावरून पुढे त्यांना खूप बोलणी बसली. तो वाद आहेच आणि तो वाचायलाही हवा, पण तिथेच थांबलं तर पुढचं सगळं निसटतं.

७ जानेवारी १९४५. टिटवाळ्याला किसान सभेचं प्रांतिक अधिवेशन भरलं. आपण गणपतीला जातो तेच टिटवाळा. उंबरगाव तालुक्यातून मोजकेच वारली आले होते. त्यांनी आपली परिस्थिती सांगितली आणि काही महिन्यांत परुळेकर पती-पत्नी त्या भागात जाऊन पोचले.

परिस्थिती काय होती? एक शब्द सांगतो, ‘लग्नगडी’. वारली पोराचं लग्न ठरलं की पैसा लागणार. तो जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून उचलायचा. बदल्यात नवरा राबणार आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही राबणार. पगार नाही, मिळेल ते खायला. कर्ज फिटलं की नाही हे शेठची वही ठरवणार, आणि वारल्याला वाचता येत नाही. वही आयुष्यभर बंद व्हायची नाही. लग्नासाठी म्हणून घेतलेलं कर्ज, आणि त्यात संसार असा उरायचाच नाही. वर वेठ होतीच: शेठ बोलवेल तेव्हा आपलं शेत सोडून फुकट कामाला जायचं. नाही म्हटलं तर झाडाला बांधून मारायचे. बायकांवर जे व्हायचं त्याची दाद कुठे मागणार? कागदावर गुलामगिरी शंभर वर्षांपूर्वीच संपली होती, आणि हे चाललं होतं मुंबईपासून रेल्वेनं काही तासांवर. युद्धामुळे लाकडाला, मुंबईच्या तबेल्यांना लागणाऱ्या गवताला भाव आला होता. जंगलात तो पैसा यायचा, पण कापणाऱ्याच्या हातात नाही.

सुरुवातीला लोक गोदावरीबाईंना बघून पळायचे. यात नवल नाही. नीटनेटक्या कपड्यातलं माणूस पाड्यावर आलं की आजवर काहीतरी वाईटच झालेलं. मग त्यांनी काय केलं? पायी हिंडल्या. पाड्यावर राहिल्या, तिथे शिजेल ते खाल्लं, वारल्यांची बोली कानात साठवली. मुख्य म्हणजे ऐकलं. आपण हल्ली ‘फील्ड व्हिजिट’ म्हणतो ती साधारण दुपारच्या जेवणापर्यंत आटोपते. इथे महिने गेले.

२३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद झाली. हजारो लोक चालत आले. ठरलं ते अगदी थोडक्यात. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, बारा आण्यांपेक्षा कमी रोजावर कामाला जायचं नाही, आणि कुणावर हात पडला तर सगळ्यांनी एकत्र यायचं. त्यानंतरच्या आठवड्यांत लाल बावटा घेऊन लोक शेठच्या वाड्यांवर जायला लागले आणि लग्नगड्यांना हाताला धरून बाहेर आणायला लागले. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पाड्यापाड्यावर निरोप नेणारे, गडी सोडवणारे वारलीच होते. गोदावरीबाई प्रत्येक वाड्यावर हजर असणं शक्यच नव्हतं.

पण माणसांनी एवढा जीव लावला की तो कुणीतरी वापरूनही घेतो. ऑक्टोबरात गवत कापणीचा संप सुरू झाला. अडीच रुपयांना पाचशे पौंड हा दर वारल्यांनी मागितला होता. १० ऑक्टोबरला अफवा पसरली की तलवाड्याला सभा आहे, बाईंच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी हत्यारं घेऊन या. दुसरीकडे पोलिसांना कळवलं गेलं की वारली हल्ला करायला जमताहेत. दोन्ही निरोप जमीनदारांच्या गोटातून निघालेले. लोक आले, हजारोंनी. गोदावरीबाई तिथे नव्हत्याच. गोळीबार झाला तरी लोक हलेनात, कारण बाईंना सोडून जायचं कसं! जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघं गेले, असे पाच.

ज्यांचं नाव ऐकून लोक पळायचे, त्यांच्याच नावासाठी काही महिन्यांनी लोक गोळ्यांसमोर बसून राहिले. हे ओझं केवढं असेल! कुणीही परत मुंबईला गेलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्या राहिल्या. संपही टिकला, आणि गवताचा दर जमीनदारांना मान्य करावा लागला.

पुढच्या वर्षी जंगल कामगारही संपात उतरले. तेव्हा सरकार आपलंच होतं, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. त्या सरकारने परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. जानेवारी १९४७ मध्ये पालघरजवळ नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि पुन्हा माणसं गेली. स्वातंत्र्याला तेव्हा सात महिने उरले होते. त्यानंतरची वर्षं भूमिगत राहणं, तुरुंग, सुटका आणि पुन्हा तुरुंग अशी गेली. १९६५ मध्ये शामराव स्थानबद्ध असतानाच वारले. त्या वेळी गोदावरीबाईही तुरुंगातच होत्या.

१९७० मध्ये त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, या पदावरच्या पहिल्या महिला. वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं. त्याआधी १९७७ मध्ये, ज्यांच्या आईबापांना शेठची वही वाचता येत नव्हती त्या वारल्यांमधले लहानू कोम डहाणूतून लोकसभेत गेले होते. या चळवळीतच घडलेला माणूस.

गोदावरीबाई गेल्या ८ ऑक्टोबर १९९६ ला. तलवाड्याच्या स्मृतिदिनाच्या दोन दिवस आधी.

घोडबंदर रोडने हायवे धरून तलासरीला गेलात तर तिथे एक कॉलेज लागेल. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, आपल्यासारखंच. बोर्डावर नाव आहे गोदावरी शामराव परुळेकर. आणि एवढं लांब जायचं नसेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे पुस्तक विचारून बघा. लग्नगड्यांबद्दलची पानं आधी काढा.