भाई कोतवाल

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ऊर्फ भाई कोतवाल (१ डिसेंबर १९१२ – २ जानेवारी १९४३) हे महाराष्ट्रातील स्वातंत्र्यसैनिक, वकील आणि समाजकार्यकर्ते होते. माथेरान व कर्जत परिसरातील शेतकरी आणि आदिवासींसाठी त्यांनी धान्य कोठार व शाळा सुरू केल्या. १९४२ च्या चले जाव आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता ही भूमिगत संघटना उभारून मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडण्याची मोहीम चालवली. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगड येथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते व त्यांचे सहकारी हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले.

जन्म आणि शिक्षण

भाई कोतवाल यांचा जन्म माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण. तेथे बंगले धनिकांचे होते, तर स्थानिक लोक हमाली, रिक्षा ओढणे, घोडे सांभाळणे अशा कामांवर गुजराण करीत. हा फरक कोतवालांनी लहानपणापासून पाहिला. पुढील शिक्षणासाठी ते पुण्यात नातेवाइकांकडे राहिले आणि वाडिया महाविद्यालयात शिकले. १९३५ मध्ये त्यांचा विवाह इंदू तिरलोटकर यांच्याशी झाला. त्यानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली व १९४१ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली.

माथेरानमधील सार्वजनिक कार्य

सनद मिळाल्यावर शहरात जम बसवण्याऐवजी कोतवाल माथेरानला परतले. तेथील नगरपालिकेच्या निवडणुकीत ते व त्यांचे सहकारी विजयी झाले आणि ते उपाध्यक्ष झाले. श्रमजीवी वर्गातील तरुणाने या पदावर येणे ही तेथील सार्वजनिक जीवनातील महत्त्वाची घटना होती. मात्र त्यांच्या कार्याचा मोठा भाग गडाखालच्या गावांत व वाड्यांत घडला.

धान्य कोठार आणि शाळा

कर्जत व मुरबाड परिसरात भातशेती हे उपजीविकेचे मुख्य साधन होते. पावसाळ्यात जुने भात संपते आणि नवे पीक हाती येण्यास अवकाश असतो. या महिन्यांत कुळे, ठाकूर व कातकरी कुटुंबे सावकाराकडून धान्य उचलीत आणि सुगीनंतर ते वाढीव मापाने फेडीत. पुष्कळदा नवे पीक खळ्यावरूनच सावकाराच्या घरी जाई. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यावर तेथून येणारा तांदूळ बंद झाला व महागाईने ही कोंडी अधिक तीव्र झाली.

यावर उपाय म्हणून कोतवालांनी धान्य कोठाराची योजना राबवली. गरजेच्या दिवसांत कोठारातून धान्य उसने न्यायचे आणि पीक आल्यावर परत करायचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप होते. सहकारी पतसंस्थांचा कायदा भारतात १९०४ पासून होता. परंतु जमिनीचा कागद किंवा रोख रक्कम हाती नसलेल्या कुटुंबांना अशा संस्थांचा लाभ मिळणे कठीण होते. कोठारात व्यवहार धान्यातच होत असल्याने ही अडचण राहत नसे.

याबरोबरच त्यांनी परिसरात स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. त्यांची संख्या ४२ सांगितली जाते. अक्षरओळख नसलेल्या कुळाला दस्तऐवजात काय लिहिले आहे हे कळत नसे. त्यामुळे कर्जमुक्ती आणि साक्षरता ही कामे कोतवालांच्या दृष्टीने परस्परांशी जोडलेली होती.

आझाद दस्ता

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना अटक झाल्यानंतर आंदोलनाची सूत्रे भूमिगत कार्यकर्त्यांकडे गेली. कोतवालांवर अटकेचे वॉरंट निघाले आणि ते भूमिगत झाले. धान्य कोठार व शाळांच्या निमित्ताने गावोगाव जोडलेली माणसे या काळात त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांनी स्थापन केलेल्या आझाद दस्त्यात मानिवलीचे गोमाजी पाटील व त्यांचे पुत्र हिराजी पाटील यांच्यासह परिसरातील अनेक तरुण होते.

टाटा कंपनीची खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) ही जलविद्युत केंद्रे याच डोंगराळ भागात होती. तेथील विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. वाहिन्या गावांच्या शिवारांवरून जात, परंतु त्या गावांत दिवे नव्हते. युद्धसाहित्याचे उत्पादन व रेल्वे वाहतूक विस्कळीत करण्याच्या हेतूने दस्त्याने या वाहिन्यांचे मनोरे लक्ष्य केले. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात ११ मनोरे पाडण्यात आले. सरकारने कोतवालांना पकडून देण्यासाठी बक्षीस जाहीर केले.

याच महिन्यांत मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. अधिकृत नभोवाणी सरकारच्या ताब्यात असल्याने त्यांनी देणगीदार व तंत्रज्ञांच्या मदतीने स्वतंत्र प्रक्षेपक उभारला होता. ४२.३४ मीटरवरून होणारे हे प्रसारण जागा बदलत नोव्हेंबर १९४२ पर्यंत चालले. शहरातील रेडिओ आणि डोंगरातील दस्ता हे दोन्ही उपक्रम सामान्य लोकांनी दिलेल्या आश्रयावर टिकून होते.

सिद्धगडावरील चकमक

पोलिसांचा पाठलाग वाढल्यावर कोतवाल व त्यांचे साथीदार सिद्धगडाच्या जंगलात आश्रयास गेले. सह्याद्रीच्या भीमाशंकर रांगेतील हा किल्ला दाट झाडी व अवघड वाटांमुळे लपण्यास सोयीचा होता. मात्र ठावठिकाण्याची बातमी पोलिसांपर्यंत पोहोचली. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील तुकडीने तळ वेढून गोळीबार केला. हिराजी पाटील जागीच ठार झाले. कोतवाल जखमी झाले व त्याच अवस्थेत त्यांना गोळी घालण्यात आली. त्यावेळी त्यांचे वय ३० वर्षे होते.

स्मृती

सिद्धगडाच्या पायथ्याशी दोन्ही हुतात्म्यांचे स्मारक असून दरवर्षी २ जानेवारीला तेथे अभिवादनासाठी लोक जमतात. हा दिवस सिद्धगड बलिदान दिन म्हणून ओळखला जातो. मुंबईत दादर येथील वीर कोतवाल उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जीवनावरील शहीद भाई कोतवाल हा मराठी चित्रपट २०२० मध्ये प्रदर्शित झाला.

कोतवालांची ओळख प्रामुख्याने मनोरे पाडणारे क्रांतिकारक अशी राहिली आहे. तथापि आझाद दस्त्याला मिळालेला लोकाश्रय त्यापूर्वीच्या विधायक कामातून तयार झाला होता. दस्त्याचे सशस्त्र कार्य काही महिनेच चालले. त्यामागील विश्वास कोठारांतून आणि शाळांतून जमा झालेला होता.