डस्टी स्प्रिंगफील्ड : कानांनी घडवलेला आवाज

लंडनच्या इलिंग भागातील रेकॉर्डच्या एका दुकानात १२ वर्षांच्या एका शाळकरी मुलीने अर्व्हिंग बर्लिन यांचे एक जुने गाणे हौसेखातर ध्वनिमुद्रित केले. मेरी ओब्रायन हे तिचे नाव. पुढे जग तिला डस्टी स्प्रिंगफील्ड म्हणून ओळखू लागले. अमेरिकी कृष्णवर्णीयांचे सोल संगीत इतके आत्मसात केलेली गोरी ब्रिटिश गायिका विरळाच.

१६ एप्रिल १९३९ रोजी लंडनमधील एका आयरिश कॅथलिक कुटुंबात मेरीचा जन्म झाला. वडिलांना संगीताचा नाद होता. ते मुलीच्या हातावर बोटांनी ठेका धरीत आणि त्यावरून तिने रचना ओळखायची, असा खेळ चाले. कानाला लागलेले हे वळण तिला जन्मभर पुरले. मुलांबरोबर फुटबॉल खेळणाऱ्या या मुलीला 'डस्टी', म्हणजे धुळीने माखलेली, हे टोपणनाव मिळाले ते त्याच वयात.

कॉन्व्हेंट शाळेतील शिक्षणानंतर, १९५८ मध्ये 'द स्टेज' या नियतकालिकातील जाहिरात वाचून ती 'लाना सिस्टर्स' या तीन गायिकांच्या चमूत दाखल झाली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. ध्वनिमुद्रणाचे आणि मायक्रोफोनचे तंत्र तिने येथेच शिकून घेतले. १९६० मध्ये भाऊ टॉम आणि टिम फील्ड यांच्यासह तिने 'द स्प्रिंगफील्ड्स' स्थापन केले. लोकसंगीताच्या धाटणीच्या या त्रयीचे 'सिल्व्हर थ्रेड्स अँड गोल्डन नीडल्स' हे गीत १९६२ मध्ये अमेरिकेतील पहिल्या २० गाण्यांत पोहोचले. मात्र अमेरिकेच्या याच दौऱ्यात न्यूयॉर्कमध्ये 'द एक्साइटर्स'चे 'टेल हिम' तिच्या कानी पडले आणि आपली वाट वेगळी आहे, हे तिला उमगले.

१९६३ च्या अखेरीस आलेली 'आय ओन्ली वॉन्ट टू बी विथ यू' ही तिची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेली. तिच्या मनातला नाद लंडनमधील वादकांना मात्र अपरिचित होता. ड्रम कसे वाजावेत, बास कसा उमटावा, हे ती स्वतः समजावून सांगे. स्टुडिओतील आवाज निर्जीव वाटला, तर जिन्यात किंवा प्रसाधनगृहात उभी राहून गाई. पुरुष वादकांना सूचना करणारी तरुणी त्या काळी सहजासहजी खपणारी नव्हती, त्यामुळे हेकेखोर असा शिक्का तिच्यावर बसला. रेकॉर्डवर निर्माता म्हणून नाव छापले जाई ते जॉनी फ्रान्झ यांचे.

ज्यांचे संगीत आपण गातो, त्यांच्याशी असलेले इमान तिने कृतीतून दाखवले. डिसेंबर १९६४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या-काळ्यांच्या एकत्रित श्रोतृवर्गापुढे गायल्याबद्दल तेथील सरकारने तिला देश सोडण्यास भाग पाडले. पुढच्याच वर्षी टीव्हीवरील एका खास कार्यक्रमातून तिने मोटाउनच्या कलावंतांची ब्रिटिश प्रेक्षकांना ओळख करून दिली.

श्रेष्ठ मानला जाणारा तिचा 'डस्टी इन मेम्फिस' हा अल्बम १९६९ चा. मेम्फिसच्या ज्या स्टुडिओत विल्सन पिकेट गायले होते, तेथे तिचा धीर खचला. आपण तेवढ्या योग्यतेच्या नाही, ही शंका तिला पोखरत होती. अखेर तिचे गायन न्यूयॉर्कमध्ये मुद्रित करावे लागले. त्यातील 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' गाजले, अल्बम मात्र फारसा खपला नाही. त्यानंतरची अनेक वर्षे व्यसने आणि नैराश्य यांत गेली. १९८७ मध्ये 'पेट शॉप बॉइज'बरोबर गायलेल्या गीताने तिला पुन्हा प्रकाशात आणले.

स्तनाच्या कर्करोगाने २ मार्च १९९९ रोजी, साठी गाठण्यापूर्वीच तिचे निधन झाले. खपाच्या हिशेबात मागे पडलेल्या मेम्फिसच्या अल्बमचा २००१ मध्ये 'ग्रॅमी हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. ज्या आवाजावर तिने स्वतः कधी पुरता विश्वास ठेवला नाही, त्यावर रसिकांचा विश्वास अजून टिकून आहे.