दख्खनचे मासे आणि कर्नल सायक्स

इतिहासाच्या पुस्तकात खडकीच्या लढाईचे पान आले, की मराठी मन आजही हळहळते. ५ नोव्हेंबर १८१७ च्या त्या लढाईने पेशवाईचा शेवट जवळ आणला. त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने देशी शिपायांची तुकडी घेऊन लढणाऱ्यांत सत्तावीस वर्षांचा एक अधिकारी होता. पुढे याच अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांची मोठी शास्त्रीय नोंद केली आणि ती करताना आपल्या नदीकाठचे मराठी शब्द प्राणिशास्त्राच्या लॅटिन नावांत कायमचे बसवले. विल्यम हेन्री सायक्स हे त्याचे नाव.

सायक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड शहराजवळ झाला. १८०४ मध्ये, म्हणजे आपल्याकडची मुले नववीच्या वर्गात बसतात त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी लढाई पाहिली. परंतु तलवारीबरोबरच त्यांनी आणखी एक शस्त्र कमावले, ते भाषेचे. विशीच्या सुमारास ते हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत व्यवहार करू शकत होते. त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्याचे मूळ मला या मराठीत दिसते.

पेशवाई संपल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना नव्याने हाती आलेल्या मुलखाची माहिती हवी होती. युरोपचा प्रवास करून १८२४ मध्ये परतलेल्या सायक्स यांना त्यांनी सांख्यिकी अधिकारी नेमले. गावे किती, माणसे किती, जमिनीची प्रत कोणती, पीक काय, सारा किती, हे सर्व मोजायचे होते. हे काम आपल्या कल्याणासाठी नव्हते. राज्य करायचे तर मोजदाद हवी, हा राज्यकर्त्यांचा हिशेब त्यामागे होता. हे विसरून सायक्स यांचे गुणगान करणे बरोबर होणार नाही.

पण मोजता मोजता हा मनुष्य सरकारी चौकटीच्या बाहेर गेला. त्याने पाऊस मोजला, पक्षी टिपले, लेण्यांची वर्णने लिहिली. नाणेघाटातील प्राचीन शिलालेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. १८२९ च्या अखेरीस ही जागाच रद्द झाली. तरीही सायक्स यांनी लष्करी कामातून मोकळीक मागून घेतली आणि आपले अहवाल पूर्ण करूनच १८३१ मध्ये ते मायदेशी निघाले. पुढच्याच वर्षी त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. आपल्या शेताच्या बांधावर आणि तळ्याकाठी ध्यान लावून बसणाऱ्या ढोकरीचे शास्त्रीय नाव याच यादीतून आले आहे.

माशांची पाळी आली ती १८३८ मध्ये. भीमा, मुळा-मुठा, घोड, इंद्रायणी अशा नद्यांतील चाळीसहून अधिक जातींचे मासे त्यांनी वर्णिले. त्यांतील कित्येक जाती शास्त्राला नव्या होत्या. नव्या जातीला नाव देण्याचा मान वर्णन करणाऱ्याचा असतो. आपल्या गव्हर्नरांची किंवा मित्रांची नावे देणे सायक्स यांना सहज शक्य होते आणि तशी काही नावे त्यांनी दिलीही. पण मोठ्या संख्येने त्यांनी स्थानिक नावेच स्वीकारली. सींगटी, कोलस, ताकरी, खुद्री, मुसुल्ला, नुक्टा! शिंगटी मासा ज्याने पाहिला आहे, त्याला 'सींगटी' कोण हे सांगावे लागणार नाही. 'नुक्टा' या माशाच्या नाकाडावर खोल खाच असते. ते नाव वाचताच आपल्याला 'नकटा' हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

ही रीत एकट्या सायक्स यांची नव्हती. त्यांच्या आधी फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात बंगालकडची नावे घेतली होती. आपला रोहू 'रोहिता' झाला तो तिथे. समुद्रातही तेच घडले. विशाखापट्टणमला पॅट्रिक रसेल यांनी १८०३ च्या ग्रंथात माशांची तेलुगू नावे नोंदवली. पुढे सायक्स यांच्याच काळात बर्लिनचे म्यूलर आणि हेन्ले हे दोन शास्त्रज्ञ शार्क आणि पाकट यांच्यावर मोठा ग्रंथ लिहीत होते. त्यांनी एका शार्कला 'सोरा' हाच तेलुगू शब्द जोडला. आजही तो शार्क जगभर त्या नावाने ओळखला जातो.

सायक्स यांच्या यादीत मात्र शार्क नाही, पाकट नाही. त्याचे कारण सोपे आहे. कोकणातून घाट चढून आपल्या बाजारात येणारी मुशी ही लहान शार्कच आहे, पण ती समुद्राची. तिच्या अंगात हाड नसते, सारा सांगाडा लवचीक कूर्चेचा असतो. आपल्या बाहेरच्या कानात असते तशी. तिच्या कल्ल्यांवर झाकण नसते, उघड्या फटी असतात. कातडी घासकागदासारखी खरखरीत असते. काही मुशी तर अंडी न घालता जिवंत पिले देतात. शार्कची एखादी जात मोठ्या नदीत शिरते खरी, पण दख्खनच्या पठारावर ती पोहोचत नाही. सायक्स यांनी पठारापुरतेच लिहिले. म्हणून त्यांचे मासे सारे हाडाचे, झाकलेल्या कल्ल्यांचे आणि गोड्या पाण्याचे.

सायक्स यांच्या कामात एक उणीवही राहिली आणि तिने फार घोटाळा केला. घोड नदीवर शिरूरला मिळालेल्या मोठ्या माशाला त्यांनी 'मुसुल्ला' म्हटले. त्याचा मूळ नमुना मात्र कोठेच जपलेला नाही. राहिले ते वर्णन आणि चित्र. पुढे दीर्घकाळ दक्षिणेतील कावेरीच्या मदार असलेल्या प्रचंड महाशीर माशाला हेच नाव लावले जाई. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिले, की सायक्स यांचा मुसुल्ला महाशीर नव्हेच, तो वेगळ्या कुळीचा मासा आहे. कावेरीच्या महाशीराचे योग्य शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झाले. ज्या प्राण्याचे नावच चुकले, त्याचे रक्षण तरी नीट कसे व्हावे?

मायदेशी गेल्यावर सायक्स यांना मोठे मानमरातब मिळाले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १८४० मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर आले आणि १८५६ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबरडीनचे खासदार होते. लंडनच्या सांख्यिकी संस्थेचेही अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले.

वाचकहो, इथे एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. ही नावे सायक्स यांना कोणी सांगितली? मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ मध्ये निघाला, तेव्हा यांचे काम आटोपले होते. म्हणजे ही नावे भीमेच्या आणि इंद्रायणीच्या काठी जाळे टाकणाऱ्या भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडून आली असणार. कोणता मासा कोणत्या डोहात राहतो, पहिल्या पुरात कोण वर चढतो, हे ज्ञान त्यांचे होते. सायक्स यांनी शब्द उचलले आणि ते शब्द अमर झाले. पण सांगणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या जातींपुढे नाही. तिथे फक्त सायक्स आहेत.

मी माझ्या घराण्यातला कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. आमच्या घरात ज्ञान पुष्कळ होते, लिहिणारे हात नव्हते. म्हणून या इंग्रज कर्नलाचा मला राग येतो आणि आदरही वाटतो. राग अशासाठी, की त्याने सांगणाऱ्यांना मागे ठेवले. आदर अशासाठी, की त्याने निदान त्यांची भाषा हलकी मानली नाही. आपल्यातले किती शिकलेले लोक आज भोयाच्या शब्दाला शास्त्राच्या योग्यतेचा मानतात?

आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि भीमाही पुढे कृष्णेलाच मिळते. सायक्स यांचे मासे ते आपलेच मासे. त्यांतला नुक्टा आज संकटग्रस्त जातींत मोडतो. नदीत मेलेले मासे तरंगत असल्याच्या बातम्या अधूनमधून आपण वाचतो आणि पान उलटतो. मासा संपला, की त्याचे नाव उच्चारणाराही उरत नाही. तेव्हा सुट्टीत गावी जाल, तर नदीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. माशांची नावे विचारा, नदी आणि गाव लिहा, तारीख घाला. आणि ज्याने सांगितले त्याचे नाव सर्वांत आधी लिहा. सायक्स यांनी सोडलेले हे काम करायला आपण आता शिकलो आहोत.